हयातीचा दाखला

ग्रिम्सबीत नोव्हेंबरला चार वाजताच तिन्हीसांज होते.
तिन्हीसांजेला नखं कापू नयेत, असं आमच्या घरी होतं;
इथे बावीस वर्षं माझं पोट त्याच्यावर चालतं.
गोदीत उभं राहून सुजलेली,
साखरेनं बधिर झालेली म्हातारी पावलं
कोमट पाण्यातून माझ्या मांडीवरच्या टॉवेलवर येतात.

गुरुवारी शेवटचा पेशंट वॉल्टर हेसलवुड, वय ब्याण्णव.
कोटाला खसखशीचं लाल कागदी फूल.
(आमच्याकडे खसखस म्हणजे अनारसे.
बाकी काही नाही.)
"रविवारी परेडचे बूट घालायचेत," तो म्हणाला,
"तेवढं बघ."
डाव्या पायाला तीनच बोटं.
कोरियात, जानेवारीत, एका टेकडीवर,
इतकंच सांगतो दर वेळी.
टेकडीला नाव नव्हतं, नंबर होता.

माझ्या आजोबांची उजव्या पायाची गेलेली.
करंगळी आणि तिची शेजारीण.
बाळकू संतू निकम, शिपाई, मराठा पलटण,
इटलीतल्या कुठल्याशा नदीत रात्रभर
कमरेएवढ्या पाण्यात उभे.
"दोन सरकारजमा," म्हणायचे, "आठ माझ्या नावावर."
वावरात वाफसा आला की नाही
ते उरलेल्या बोटांनी चाचपून सांगायचे.
नदीचं नाव त्यांच्या जिभेला कधी वळलं नाही.
मी एकदा नकाशात शोधलं;
तीन नद्या निघाल्या. सोडून दिलं.

दर नोव्हेंबरला ते कोरेगावच्या ट्रेझरीत जायचे,
पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला.
सोबत मी, आठ वर्षांची.
पटका घट्ट, छातीवर दोन बिल्ले,
एसटीत जागा असली तरी उभे.
कारकून मान वर न करता विचारायचा, "जिवंत?"
"हाय की. दिसत न्हाई व्हय?"
"कागदावर दिसाय पायजे, आबा."
मग अंगठा.
उरलेली शाई भिंतीला पुसायची;
भिंतभर निळे अंगठे, माझ्या डोक्याच्या वरपर्यंत.
एका वर्षी दाखला वाटेत हरवला
आणि सात महिने ते सरकारदरबारी मेलेले होते.
सात महिने, पाटावर बसताना,
"वाढा, पितराला वाढा."

रविवारी चौकात गेले.
दगडावर नावं कोरलेली, अकारविल्हे,
न परतलेल्यांची.
परतले त्यांना दगड नसतो,
त्यांची नखं वाढत राहतात.
अकरा वाजले. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.
एक सीगल बोलला. एक बाळ.
वॉल्टर चाकाच्या खुर्चीत,
बुटांना इतकी पॉलिश की त्यात ढग सरकत होते.
या दोन मिनिटांत मनात कोणाला आणायचं
ते कोणी सांगत नाही, विचारतही नाही.
मी एसटीचा दांडा धरलेला एक हात आणला,
मग ती भिंत,
मग एवढं आठवलं की माझ्या लग्नात आजोबांच्या पायाला हळद लावताना
माझं बोट त्या रिकाम्या जागेवर अडखळलं होतं
आणि ते हसले होते, गुदगुल्या झाल्यासारखे.
मिनिटं संपली. बिगूलवाल्याचा एक सूर चुकला.
वॉल्टरनं लांबून बूट उचलून दाखवला:
चावत नाही.

एक सांगायचं राहिलं.
गुरुवारी निघताना मी कार्डावर पुढची तारीख लिहिली,
नऊ जानेवारी.
"असलो तर," तो म्हणाला.
तारखेखाली मी सही करते, रोजच करते,
एक रेघ आणि टिंब.
त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं,
माहेरच्या आडनावासकट.