गोड नळ

फेलिसनं चार बाटल्या दिल्या, आरोग्यकेंद्रातल्या,
बोटाएवढ्या, तळाशी तपकिरी कागद चिकटलेला.
"खुणेपर्यंत पाणी भर. आत बोट नको.
मग उबेत ठेव, दीड दिवस.
काळं झालं, तर समज."
काय समजायचं ते सांगायचं राहिलं;
मनोरीची शेवटची फेरीबोट सुटत होती.

मोटरची चावी माझ्याकडे, मिंगेल गेला तेव्हापासून.
वॉल मीच सोडते,
पाऊण तास वरची पाखाडी, पाऊण तास खालची,
वीज गेली की दोन्हीकडच्या शिव्या माझ्या.
म्हणून बाटल्याही माझ्याच.

एक भरली बोअरच्या तोंडाशी,
एक टाकीखाली, एक माझ्या मोरीत.
हे सगळं एकच पाणी, मचूळ.
डाळ शिजत नाही, साबण फेसत नाही,
चहात दूध घातलं की फाटतं.
टीसीएलची पुडी मी त्यात न चुकता टाकते
आणि लोक नाकाला पदर लावून भरतात,
भांड्यांपुरतं.

चौथी भरली क्रुसाजवळच्या नळावर.
तो जुन्या बावेचा. गोड.
तिथं पुडी टाकू देत नाहीत, चव जाते म्हणून.
लग्नात उंबराचं पाणी तिथूनच येतं, वाजत गाजत,
आजाऱ्याच्या ओठाला तिथलं,
बाळाच्या दुधात तिथलं.

ऊब कुठली आणू?
फुग्यांचं पीठ ठेवते त्या कोनाड्यात ठेवल्या, चुलीमागं,
गळ्याला दोरे बांधून: पांढरा, निळा, हिरवा,
आणि गोड नळाला लाल, नाताळच्या रिबिनीचा उरलेला.
रात्री दोनदा उठले,
पीठ वर आलं का बघायला उठतात तशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन तशाच.
लाल दोरेवाली काळी.
काजळ म्हणणार होते, पण काजळ डोळ्यांत घालतात.
गटार उपसल्यावर फावड्याला राहतं, तसलं काळं.

माझंच बोट लागलं असेल.
दोऱ्यांची अदलाबदल झाली असेल.
पाचवी बाटली नव्हती.
टॉर्च घेऊन बावेपाशी गेले
आणि तिथून नव्या बंगल्याच्या सेप्टिक टँकच्या झाकणापर्यंत
पावलं मोजली.
अठरा.
परत मोजली, लहान लहान टाकून.
तेवीस.

तो तुकडा आमचा होता.
विकताना पहिली सही मिंगेलची, दुसरी माझी.
बंगलेवाले शनिवारी येतात, बारा-पंधरा जण,
आणि त्यांच्या पिण्याचं पाणी
मुंबईहून सीलबंद येतं.

रेजिनाचा नेविल या पावसाळ्यात दोनदा भगवतीत भरती झाला.
दात येतायत, म्हणाल्या सगळ्या.
मीही म्हणाले.
वर बावेचं पाणी पाज म्हणाले, ताजं, चमच्या-चमच्यानं.

पहाटे पाचला पान्हा घेऊन निघाले.
बस्त्याव आधीच उभा, वीस लिटरचा कॅन घेऊन.
बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरली.
"शाई हाय का काय?"
नाही म्हटलं, नळ आहे तुझा.
तो हसला. त्याचा बाप याच पाण्यावर नव्वदीत गेला,
हे त्यानं मला सांगितलं,
मला ठाऊक असूनही सांगितलं.
मग म्हणाला, "मंग खारं पियाचं?"
खारं पी, म्हटलं.
माझ्या तोंडून कधी निघेल असं वाटलं नव्हतं,
पंचवीस वर्षं लोकांना त्याचीच माफी मागत आलेय.

नळाचा दांडा पान्ह्यानं काढला.
हलका होता. ओच्यात टाकला
तर मोटरच्या चावीवर वाजायला लागला.
रेजिनाच्या दारापर्यंत वाजत होता.
तिथं मी हात धरला त्यावर.

मागं वळून बघितलं:
दांडा नसलेल्या नळाखाली
बस्त्यावनं कॅन तसाच मांडून ठेवला होता,
नंबर जाऊ नये म्हणून.