निबर

दुकानदारानं मराठीत सांगितलं,
मी कन्नडात टाइप केलं.
'ती काळी मुलगी निबर दिसते, साहेब.'
बोटं तिथं जराशी अडली.
भेंडी निबर असते, गवार असते,
बाजारात बाई शेंडा मोडून बघते
आणि परत ढिगात टाकते.
कन्नडात 'बलित'. तोही भाजीचाच शब्द.
टाकला. चहा यायचा होता.

फिलोमेन बस्त्यांव सिद्दी, तालुका खानापूर.
वय चौदा, असे ती सांगते.
'असे ती सांगते'
हे सानिकाच्या कागदावर नाही.

दोघी एकाच वसतिगृहातल्या.
खडेबाजार, एकच दुकान, एकच मोबाईल.
एकीनं उचलला, एकीनं ओढणीखाली धरला,
कुणी काय, ते शेवटपर्यंत
दोघींनीही सांगितलं नाही.
सानिकाचे मामा टिळकवाडीहून स्कूटरवर आले.
माफीचं पत्र, चार ओळी.
'लहान आहे हो.'
सगळेच म्हणाले, लहान आहे.
साडेचारला ती घरी गेली,
जिन्यात दोनदा वळून बघत.

फिलूचा बाप दुसऱ्या दिवशी पोचला.
चर्चच्या वहीतलं पान प्लास्टिकच्या पिशवीत,
बाप्तिस्म्याची तारीख वाळवीनं खाल्लेली.
'कुठले तुम्ही? आफ्रिकेचे?'
तो म्हणाला, हांगाचे.
मग, इल्लियवरे.
मग, इथलेच, साहेब.
तिन्ही भाषा मला कळतात.
त्या टाइप करायला कुणी सांगितलं नाही.

मग सिव्हिलमध्ये मनगटाचा एक्स-रे.
हाडं म्हणाली, सोळा ते अठरा.
हाडांच्या बोलण्यात दोन वर्षं इकडे-तिकडे धरतात.
इकडे की तिकडे,
ते हाडं ठरवत नाहीत.

फाइलला लावण्याआधी
मी ती फिल्म खिडकीशी धरली.
मनगटात बारीक बारीक हाडं,
गजगे वर उडवून
उलट्या हातावर झेलावेत तशी.

जप्तीच्या यादीत आहे: दगड, नग चार.
दगड नव्हेत ते. गजगे.
आणि गजगे पाच लागतात.

पाचवा सानिकाबरोबर गेला असेल.
किंवा त्या मुठीत असेल
जी तिनं पोलिसांसमोर उघडली नाही,
आणि म्हणून ते वाक्य आलं,
'झडतीस विरोध केला, आक्रमक स्वभाव.'

तेही मीच टाइप केलंय.
शुद्धलेखनाची एक चूक नाही त्यात.