वरचा वर्ग

कोंबात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे माझं दुकान:
पायाचं मशीन, एक टेबल, आणि एक कातर,
वडिलांना ती त्यांच्या वडिलांकडून आलेली.
वरच्या खोलीत आधी विम्याचा एजंट होता,
मग कुणाची तरी काजूची पोती,
मग हे दोघे. पासष्टी उलटलेले, युटाहून आलेले,
छातीवर काळी पाटी, दोन्ही पाट्यांवर आडनाव एकच.
एल्डर स्ट्रिंगम. सिस्टर स्ट्रिंगम.
मी विचारलं, नवराबायको ना? मग सिस्टर कशी?
ती इतकी हसली की चष्मा नाकावरून घसरला.

चहा मागवला, नको म्हणाले.
कॉफी? तीही नको.
चहा न पिणाऱ्या माणसाशी ओळख कुठून सुरू करतात
मला ठाऊक नव्हतं.
शेवटी घरातून आमसुलाचं सरबत आलं.

सकाळी सहाला छतावर खुर्च्या सरकत.
आठला तो भाजीला निघे, ती पिशवी घेऊन बरोबर.
एकट्याने कुठे जायचं नाही, असा त्यांचा नियम.
माझी बायको म्हणाली, "तीस वर्षांत
तू मला मार्केटात कितीदा नेलंस रे?"
मी सुईत दोरा ओवत बसलो. सुईत दोरा होताच.

रविवारी पोदेराकडून दोन उंडे घेत,
प्रार्थनेत त्याचे तुकडे, आणि वाइनच्या जागी साधं पाणी.
मलाही एक पुस्तक दिलं. मी स्पष्ट सांगितलं,
आमचा दामोदर इथेच, चार घरं सोडून.
मान डोलावली दोघांनी. पुन्हा विचारलं नाही.
म्हणजे, दिवाळीत एकदा विचारलं.

चारला वर्ग.
रिक्षावाला इनास, ज्याच्या घरी आजोबांच्या व्हायोलिनची
नुसती पेटी उरलीय; गॅस एजन्सीतली सुलक्षा;
सराफ वेर्णेकरांची नऊ वर्षांची पोर,
बाकावरून पाय लोंबतात तिचे.
त्यांचा दो आमच्या सा-सारखाच भाडेकरू निघाला,
जिथे बिऱ्हाड मांडाल तिथे त्याचं घर.

एल्डरला उजव्या कानाने काहीच येत नसे, डाव्याने थोडं.
गाणं चालू असताना ती त्याच्या मनगटावर
दोन बोटांनी मात्रा मोजायची.
हे मला इनासने सांगितलं. मला फक्त शर्ट दिसत.
पाटीच्या लोहचुंबकाने खिशाच्या वरचं कापड विरायचं,
महिन्याला एक शर्ट, आतून अस्तर, बाहेरून दिसू नये असं.

शर्ट न्यायला ती एकदा एकटीच खाली आली,
म्हणजे तो जिन्यात उभा होता.
पणजोबांचं नाव विचारलं.
आजोबा नारायण. त्यापुढे मला कुणी नाही.
पोर्तुगीज दप्तरांत शोधू, म्हणाली.
मी म्हटलं, शिंप्याला कोण लिहून ठेवतो, बाय?
तिने वहीत माझ्यासाठी एक रेघ कोरी ठेवली.

मे महिन्यात एकदा वीज गेली ती गेलीच.
वर कीबोर्ड मेला, टकटक करणारं यंत्रही.
सिस्टर जिन्यावरून ओरडली,
"पुरसो, मशीन थांबवू नका! तीन-तीन!"
माझ्या हाताखाली एका नवरदेवाची पँट.
मी पाय दाबला. एक, दोन तीन. एक, दोन तीन.
वर पोर गात होती, मग सुलक्षा, मग सगळे,
आणि एल्डर, इनास सांगतो,
बूट काढून मोज्यांवर उभा राहिला,
तळव्यांनी ऐकत, हात हवेत.
पँटची शिवण वाकडी गेली.
नवरदेवाला कळलं नाही. लग्न झालं, पोरंही झाली.

अठरा महिने संपले, ते गेले.
कीबोर्ड इनासच्या घरी, व्हायोलिनच्या पेटीशेजारी.
वर आता पाण्याचे फिल्टर विकतात.

परवा कातरीला तेल घालताना
काळ्या थराखाली कोरलेलं काही लागलं बोटाला.
रॉकेलने पुसलं. दोन अक्षरं: वि. ना.
विठू? विसू? पुढचा ना, म्हणजे कुणी आणखी मागचा नारायण?
मी कातर घेऊन तसाच उठलो, जिना चढायला लागलो,
सातव्या पायरीवर
आठवलं.