चौदा

चाळकेवाडीच्या सड्यावर एप्रिलात
सावली फक्त पवनचक्कीच्या पात्यांची,
आणि तीही फिरती.

मॅडम वहीत लिहितात, मी पकडतो:
काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास.

दगडावर नर चढतो, गळ्याचा पंखा उघडतो,
निळा, काळा, मग निखाऱ्यासारखा नारिंगी.
मिटतो. पुन्हा उघडतो.
मातीच्या रंगाची मादी
बघून न बघितल्यासारखं करते.

फास गळ्यात जाईपर्यंत तो पळत नाही.
"पलीकडच्या पठारावर केव्हाच पळाला असता,"
मॅडम म्हणतात. इथं पाती आली
आणि ससाणे यायचे कमी झाले.
भीती विसरायला किती पिढ्या लागतात,
हे त्या वहीत कुठंतरी असेल.

उताणा धरतो. काखेच्या घडीत
तिखट सांडल्यागत लाल ठिपके.
बारीक गोचीड. भिंगातून मोजतो:
अकरा, बारा... चौदा.
एवढा नटलेला गडी, आणि काखेत हे बिऱ्हाड.
अंगठ्याखाली काळीज धडधडतं, मोहरीएवढं.

शाळेत असताना आमच्या खिशात दगडच असायचे.
सरडा मान हलवतो म्हणजे चिडवतो,
असं शेलारांचा यदू सांगायचा.
ते किती मारले, कुणी मोजलं नाही.

पाठीवर नखपॉलिशचा ठिपका,
बायकोच्या बाटलीतला.
त्याच दगडावर सोडतो.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
सड्याला कुंपण नव्हतंच, कंपनीनं घातलं.
हा तारेखालून सरळ पलीकडं गेला
चौदा जणांना घेऊन,
थांबला, मान हलवली.

मीही हलवली.
मॅडम खाली बघून लिहीत होत्या.