मध्यरेषा

ग्रिम्सबी, नोव्हेंबर. गॅलरीचा बॉयलर पुन्हा बंद.
तळघरात मी कोट घालूनच बसले आहे,
हातांत जांभळे रबरी मोजे,
समोर माशांच्या खोक्याचं एक झाकण.

झाकणावर खिडकी रंगवली आहे.
खिडकीत भांडं, भांड्यात काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीवर
इतका पिवळा उजेड, की मी चष्मा पुसला.

नोंदपत्र सांगतं: मिसेस आर. टी. बोल्टन. हौशी.
आर. टी. म्हणजे रेजिनल्ड थॉमस, ट्रॉलरवर इंजिनियर,
हे दहा मिनिटांत सापडलं.
तिचं नाव सापडायला अडीच महिने.
आमच्याकडे निदान उखाणा होता:
त्याचं नाव घ्यायचं, पण आडून, यमक जुळवून,
आणि घेणारी कोण ते सगळ्यांना दिसायचं.
इथे तिने नाव घेतलं आणि त्यातच बुडाली.

हेप्झिबा.
चॅपलच्या एका वहीत मिळाली, केकविक्रीच्या हिशेबात:
हेप्झिबा बोल्टन, दोन लिंबू-केक, सहा शिलिंग.
मी मोठ्यांदा म्हणून पाहिलं.
तळघरातल्या पाइपांनी तेवढं ऐकलं.

चित्राशेजारच्या पाटीला साठ शब्द मिळतात.
तिच्याबद्दल ठाऊक असलेलं चाळिसांत संपतं,
उरलेल्या विसांत 'कदाचित' तीनदा.
संचालक म्हणाले, गाळा ते, लोकांना खात्री हवी असते.
मी एक गाळला.

प्रदर्शनात एकूण सहा जणी. पाच गेलेल्या.
सहावी क्लीथॉर्प्सला राहते, फोनवर म्हणाली,
बायका-बायकांच्या खोलीत मला टांगू नकोस,
आयुष्यभर त्याच खोलीत होते.
मी म्हटलं, बरोबर आहे.
मग पुष्कळ वेळ दोघी गप्प,
फोनचं बिल नगरपालिकेचं.
शेवटी तिने चित्र दिलं. का, ते सांगितलं नाही.

टेरेन्सने लेसर लावला. भिंतीवर लाल रेघ.
मध्यरेषा एकशे पंचावन्न, म्हणाला, नेहमीसारखी.
कुणाच्या डोळ्यांना?
तो थांबला. माणसाच्या, म्हणाला. सरासरी.
मी बूट काढून भिंतीला पाठ लावली.
रेघ माझ्या भांगात पडली, लालभडक.
दोघंही हसलो, तो कशाला ते त्यालाच ठाऊक.
मग पेन्सिलीने नवी खूण केली: एकशे चव्वेचाळीस.

हेप्झिबाचं झाकण मात्र भिंतीला लावलं नाही.
त्याच्या मागे यादी आहे:
साबण, मेणबत्त्या, हॅडॉक, वॉल्टरच्या बुटांना टाच,
आणि खाली, पेन्सिल जरा दाबून,
सफेदा, मोठी ट्यूब – पुढच्या आठवड्यात.
ही शेवटची ओळ तीन झाकणांच्या मागे सापडली.
टाच एकदाच.
म्हणून काचेची उभी पेटी, खोलीच्या मधोमध,
म्हणजे चालत मागे जावं लागेल.

उद्घाटनाला एक नगरसेवक
वाइनचा प्लास्टिकचा पेला धरून विचारतो,
चांगल्या होत्या का, की नुसत्या बायका होत्या?
उत्तर माझ्याकडे आहे, पाठ केलेलं, आकड्यांसकट.
पण त्याच्या पाठीमागे
एक पन्नाशीची बाई, कोटाखाली मासळीबाजाराचा एप्रन,
पेटीला वळसा घालून गेली आहे
आणि गुडघ्यांवर हात टेकून यादी वाचते आहे.
ओठ हलतात. साबण. मेणबत्त्या.
सफेद्यापाशी ती थांबते,
पुन्हा वरून सुरुवात करते,
मग पिशवीत पेन शोधते
आणि स्वतःच्या मनगटावर काहीतरी लिहून घेते.

हं? नगरसेवक म्हणतो.
मी विचारते, मागून पाहिलंत का?
तो म्हणतो, मागेही काही आहे?