आयुष्यभराचं तेल

ओरिसारेच्या गॅरेजात खड्ड्यावर उभी माझी व्हॅन.
बाहेर समुद्र गोठलेला, रेडिओवर फेरीच्या वेळा.
खालून हेल्दुर म्हणतो,
"प्लगच ठेवला नाही गं. पुस्तकात लिहिलंय, तेल आयुष्यभराचं.
कुणाच्या, ते नाही लिहिलं."
लिहिणारे कानात तेल घालून निजलेत.

दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर.
तिसरा गिअर सकाळी खोकतो,
मग नाइलाजाने कबूल होतो.

त्याने खडूने फुली मारली.
पुसली. दोन बोटं बाजूला पुन्हा मारली.
"तिथे आत दात आहेत."

बिटावर ग्रीस इतकं थापलं की टोक दिसेना.
"जुनं तेल आतच राहू दे. भोक पडलं की ते बाहेर धावेल,
कीस सोबत घेऊन येईल.
बहुतेक."
आणि त्या 'बहुतेक'पाशी
ड्रिल हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला.

रुपेरी कुरळे पडू लागले,
पहिल्यांदा न्हाव्यापुढे बसवलेल्या पोराचे पडावेत तसे.
एकेक पुसून त्याने वर्तमानपत्रावर मांडला,
हवामानाच्या रकान्यात.
मी चुंबक पुढे केलं.
"हे अ‍ॅल्युमिनियम. चुंबकाला ओळखसुद्धा देत नाही."

शेवटचा पापुद्रा हाताने.
मग काळी, कोमट धार, जळक्या दोरखंडाच्या वासाची.
ती लैदाच्या जुन्या लांब मोज्यातून गाळली.
खिडकीतून लैदा ओरडली, "काळे घेतलेस की चांगले?"
आटे पाडताना तो दर अर्ध्या फेऱ्याला मागे येई,
पुसे, पुन्हा आत.

संध्याकाळी कागदावरचे कुरळे
बोटाने ढकलत म्हणाला,
"एक कमी वाटतोय."
स्वस्तातलं तेल ओतलं, काढलं. पुन्हा ओतलं, काढलं.
मोजा कोरा.
"कदाचित फरशीवर असेल," तो म्हणाला,
आणि दोघांनीही फरशीकडे बघितलं नाही.

मार्च आला. बर्फ किनाऱ्यापासून सुटलं.
तिसरा आता खोकत नाही.
कुरेसारेच्या रस्त्याला मी रेडिओ बंद ठेवते.
डोळ्यांत तेल घालून काय बघणार,
जे काही आहे ते तेलातच आहे,
अंधारात, दातांच्या जवळपास,
नखाएवढं, चकचकीत,
किंवा नाहीच आहे.