चुन्याची रेघ

भुसावळच्या इन्स्टिट्यूटमागचं टेनिस कोर्ट
मी तेहतीस वर्षं सारवलं.
शेण, मुरूम, विटांचा चाळलेला चुरा.
पाणी ऊन उतरल्यावरच मारायचं, आधी मारलं
तर माती तडकते आणि साहेबाचा पाय मुरगळतो.
चुन्याची रेघ ओढताना श्वास धरायचा.
हे कोणी शिकवलं नाही, हाताला कळलं.

लोको शेडमधल्या फिरके फिटरची शैलजा
साहेब जेवायला गेले की
कुंपणाच्या तारेखालून आत यायची.
भिंतीवर चेंडू मारायची. सत्तेचाळीस डिग्रीत!
"सुपडूभाऊ, आणखी धा मिनिटं,"
आणि मी रोलर मुद्दाम हळू ओढायचो.
दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीचं प्लास्टर पडलं,
तिचा बाप रविवारी सिमेंट घेऊन आला,
काही न बोलता लिंपून गेला.

पुढचं सगळं पेपरात आलं.
एवढं सोडून:

विभागाची फायनल, शेवटचा सेट, पाच-सहा.
समोर सोलापूरची डावखुरी पोरगी,
बुटाला सुतळी बांधलेली.
तिचा फटका मागच्या रेघेवर पडला.
चुना उडाला.
मीच टाकलेला चुना,
उडाला तर मला दिसणार नाही?
शैलजा म्हणाली, "आउट,"
आणि माती झाडल्यासारखा पाय फिरवून
ती खूण पुसली.
खुर्चीतले पंच बुकिंग ऑफिसातले,
त्यांची नजर त्या वेळी पंजाब मेलवर.
डावखुरी एकदा माझ्याकडे बघून गेली.
मी बादली उचलली.

नंतर शैलजा देशभर खेळली, देशाबाहेरही.
एका खोलीत चौघी, रॅकेटची तार उधारीवर,
कुठल्या कुठल्या गावांहून कार्डं यायची,
"इथली माती तुमच्यासारखी नाही."
जगात तीनशे अठ्ठ्याऐंशीवी.
इन्स्टिट्यूटच्या फळ्यावर खडूने लिहिलेला तो आकडा
पावसाळे झाले तरी कोणी पुसला नाही.
मग गुडघा गेला.
मग कोचिंग, मग पंचगिरी,
मग मीटिंगा, जिथे तिच्याआधी
बाईसाठी खुर्चीही मोजलेली नसायची.
संघटनेची अध्यक्ष झाली तेव्हा
पहिली सही बक्षिसांच्या कागदावर नाही,
चेंडू वेचणाऱ्या पोरांच्या जेवणावर केली.
माझा अकील तेव्हा चेंडू वेचायचा.
घरी येऊन म्हणाला, अब्बा, दोन भाज्या होत्या.

आता इथे चार निळी कोर्टं होणार.
गुळगुळीत, परदेशी रंगाची,
चेंडू पडतो नि काहीच उरत नाही.
ती पाहणीला आली, चष्मा, काठी,
मागे कंत्राटदार, नकाशे.
सगळ्यांना पुढे पाठवून
मागच्या रेघेजवळ थांबली.
"सुपडूभाऊ, तुमले दिसलं होतं ना?"
मी म्हटलं, लय जुनं झालं बाई,
आता काय आठवतं!
ती हसली नाही.
"मले आठवतं. अर्धा चेंडू चुन्यावर होता.
तिचं नाव शोधून काढलं मी.
पत्र लिहिलं, परत आलं,
त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही."

मग कंत्राटदाराला हाक मारली:
"तीनच करा निळी. हे मातीचं राहू द्या."
तो म्हणाला, मॅडम, रोज सारवायला माणूस लागेल.
ती म्हणाली, लागेल.

काल जळगाव आणि रावेरच्या दोन पोरी खेळत होत्या.
एकीने बोट वर केलं, दुसरी ओरडली,
दोघी जाळीजवळ आल्या, मग रेघेशी,
गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या.
अध्यक्षबाई खुर्चीतून उठल्या नाहीत,
मान फक्त थोडी पुढे केली.
मी पाण्याचा नळ बंद केला.
पोरी अजून वाकलेल्याच होत्या.